बेटावरून आलेले सात प्रश्न

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेल्या भावना रामटेकेने समुद्र पाहिला नव्हता, आणि नवा रायपुरातल्या विद्यापीठाच्या निवड समितीला नेमकी तीच गोष्ट फार गमतीची वाटली. तैवानपासून पार मादागास्करपर्यंत होड्या हाकत गेलेले, एकमेकींशी नातं सांगणाऱ्या भाषा बोलणारे ते ऑस्ट्रोनेशियन लोक. त्यांच्यापैकी एका बेटावरच्या आदिवासी गावावर तिला पीएच.डी. करायची होती. "सिलतऱ्याची मुलगी आणि बेटं?" असं म्हणून एक सदस्य हसले. हे गृहस्थ स्वतः लॅपलंडच्या रेनडियर पाळणाऱ्यांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले होते, आणि त्यांनी बर्फ पाहिला तो रसवंतीतला. पण त्यांना कुणी कधी हसलं नव्हतं.

भावनाने बेटावरून आलेलं पत्र पुढे केलं. त्या गावाची रीत अशी की ज्याला गावावर लिहायचं असेल त्याने आधी गावाच्या सात प्रश्नांची उत्तरं द्यायची. तू कुणाची कोण, तुला कुणी पाठवलं, इथून काय नेणार, काय ठेवून जाणार, असे साधे सात प्रश्न. भावनाची उत्तरं दोनदा परत आली. आठ महिन्यांनी, तिसऱ्या खेपेला, गाव हो म्हणालं.

समितीचे अध्यक्ष डॉ. यज्ञेश्वर यांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "गावाची परवानगी कशाला? परवानगी आपण देतो." मग त्यांनी तिचं आडनाव दुसऱ्यांदा विचारलं आणि आवाज एकदम मायाळू केला. "बेटा, तू आपल्या समाजावर काम कर. सोपं जाईल तुले. नाहीतर असं कर, माझी विद्यार्थिनी देवश्री सिलतऱ्याच्या बौद्ध कुटुंबांवरच काम करून राहिली. तिले तुझं घर दाखव, फॉर्म भरून दे. जानेवारीत एक जागा निघते, तेव्हा पाहू."

म्हणजे दुसऱ्याचं गाव अभ्यासायला हिची लायकी नाही, पण हिचं घर मात्र अभ्यासाला उत्तम. भावनाने तिथे मान डोलावली, कारण जागा हवी होती. बाहेर त्या आठपदरी रस्त्यावर तासभर बस आली नाही, तेवढा वेळ ती स्वतःच्याच मानेवर दात खात उभी राहिली.

रविवारी देवश्री रायपुरातल्या तेलीबांध्याहून स्कूटीवर आली. मुलगी वाईट नव्हती. मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. भावनाचे वडील हरिदास स्पंज आयर्नच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पुस्तकांच्या कपाटाला लागून असलेली खुर्ची पुसून तिला दिली, कारण कारखान्याची काळी धूळ इथे दिवसातून दोनदा बसते. आई कलावतीने चहा ठेवला.

देवश्रीने फॉर्म काढला आणि तिसरा प्रश्न वाचला. "घर में किताबें हैं? हैं तो सिर्फ धार्मिक, या दूसरी भी?"

तिचं डोकं कपाटाला टेकलं होतं. हरिदासांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भावनाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सगळी उत्तरं आधीच ठरवून आलेली माणसं प्रश्न विचारतात तरी कशाला?

तिने आतून बेटावरचा कागद आणला. "आधी याची उत्तरं दे, मग तुझे प्रश्न."

"ये क्या है, दीदी?"

"मले विचारले होते. आता मी तुले विचारून राहिली. तुले कोणी पाठवलं?"

"सर ने."

"काय नेशील?"

"डेटा."

"अन् ठेवून काय जाशील?"

देवश्रीने खरंच विचार केला. "थीसिस में धन्यवाद लिखूँगी ना."

असं करत भावना सातव्या प्रश्नावर आली. तिचे आठ महिने याच प्रश्नाने खाल्ले होते. "आमी नाही म्हटलं तर काय करशील?" तिने स्वतः शेवटी लिहिलं होतं की परत जाईन, आणि तुमच्या गावाचं नावही कुठे घेणार नाही. त्या उत्तरावर गाव हो म्हणालं होतं.

देवश्री गोंधळली. "मना तो कोई नहीं करता, दीदी. तीस घर हो गए." तिने फॉर्म पुढे सरकवला. "बस साइन कर दीजिए. सर ने कहा है, जनवरी का याद दिलाना."

हरिदास हळूच म्हणाले, "भावना, सही करून टाक. जागा हाय तुही."

भावनाने पेन उचललं. जागा हवीच होती, आजही, पोटातून हवी होती. तिने आईकडे पाहिलं. कलावती चहाचा ट्रे धरून कधीची दारात उभी होती.

"तीस घरी कोनी नाही म्हटलं नाही काहून, मालूम हाय?" कलावती देवश्रीला म्हणाली. "कोनी विचारलंच नसन."

भावनाने फॉर्म शेवटच्या पानापर्यंत चाळला. 'मैं सहमति देता/देती हूँ' असा एकच रकाना होता, नकाराला जागाच ठेवलेली नव्हती. तेव्हा तिने समासात लिहिलं, नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनाव जरा मोठ्या अक्षरात, म्हणजे डॉ. यज्ञेश्वरांना तिसऱ्यांदा विचारावं लागू नये.