सिप्रियानोचा नाश्ता

माझा नवरा सिप्रियानो जाऊन चाळीस दिवस झाले आणि एकेचाळिसाव्या दिवशी मी शोकाच्या काळ्या कपड्यांतच फेर्मीनच्या बारमध्ये नाश्ता करायला गेले. सकाळी दहाला. आमच्या गावात त्या वेळी तिथे बाईमाणूस दिसत नाही. रविवारी चर्चमधून येताना नवऱ्यासोबत पेलाभर वाइन घेणं वेगळं. पण कामाच्या दिवशी दहाचा नाश्ता पुरुषांचा. तेलाच्या गिरणीचा भोंगा झाला की सगळे तिथे उभे राहून भाजलेल्या पावावर तेल ओतणार, टोमॅटो चोळणार, वर हॅमचा काप ठेवणार आणि जगातल्या सगळ्यांना नावं ठेवणार. बायका घरी चुलीपाशी उभ्या उभ्या दुधात बिस्किट बुडवतात. मी एकसष्ट वर्षांची झाले तरी हेच करत होते.

मी भुकेपोटी गेले नव्हते, रागापोटी गेले होते. नवरा मेल्यावरही बाईला त्याचा राग येतो, हे आमचे पाद्री सांगत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यापासून सिप्रियानोनं माझ्या हातचं खाणं सोडलं होतं. दोनला गिरणीतून यायचा, ताटाशी बसायचा, दोन चमचे रस्सा प्यायचा आणि ताट सरकवायचा. विचारलं की म्हणायचा, "पोट भरलंय गं. फेर्मीनकडे दाबून नाश्ता झाला." मी ससा शिजवला, तांदूळ घालून. तो तसाच राहिला. मी मसूर केली, सॉसेज घालून, त्याच्या आईनं शिकवली होती तशी. तीही राहिली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. माणूस वाळत चालला होता. म्हणायचा, वय झालं. आवाज बसला होता. म्हणायचा, गिरणीतला गारठा. आणि मी खुळी, त्या फेर्मीनच्या पावाचा हेवा करत बसले.

शेवटी एके दिवशी त्यानं मसुरीचं ताट सरकवलं तेव्हा माझा तोल गेला. मी ते ताट उचललं आणि त्याच्या डोळ्यांदेखत कुत्र्यापुढे ठेवलं. म्हटलं, "हा तरी फेर्मीनकडे जेवून येत नाही." सिप्रियानो कुत्र्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या अंगणात कोसळला. हृदय, असं डॉक्टर म्हणाला.

तर त्या नाश्त्यात असं होतं तरी काय, ते मला बघायचं होतं.

आत पाय ठेवला. तिघं-चौघं होते. त्यातला एलादियो सिप्रियानोबरोबर वीस वर्षं गिरणीत होता. त्यानं टोपी काढली.

"या, रेमेबाई," फेर्मीन म्हणाला. हा पोरगा माझ्या धाकट्याबरोबर शाळेत होता. आता डोक्यावर केस नाहीत. "बसा. कॉफी देऊ?"

"सिप्रियानो खायचा ते दे."

"तेच?"

"अगदी तेच. तसूभर फरक नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे भरलेले. "नक्की ना?"

"बहिरा झालास का रे? टकलाबरोबर कानही गेले?"

तो आत गेला. बराच वेळ लागला. एवढा वेळ पाव भाजायला लागतो का? एलादियो आपल्या पेल्याला सांगत होता, आज थंडी फार आहे म्हणून.

फेर्मीन बाहेर आला तो खोलगट ताटली घेऊन. त्यात गुलाबीसर लगदा होता. शेजारी चमचा. भाजलेला पाव नाही, हॅम नाही, काहीच नाही.

"हे काय? मी तान्हं बाळ आहे?"

"तुम्हीच म्हणालात, अगदी तेच," फेर्मीन हळूच म्हणाला. "पावाच्या कडा काढायच्या, आतला मऊ भाग कोमट पाण्यात भिजवायचा, टोमॅटो गाळून घ्यायचा, आणि तेल भरपूर. त्याशिवाय काकांच्या घशातून उतरायचं नाही. शेवटी शेवटी तर हेही निम्मंच जायचं."

"घशातून म्हणजे?"

फेर्मीननं एलादियोकडे पाहिलं. एलादियोनं टोपी मुठीत चुरगाळली.

"अरे देवा," तो म्हणाला. "हिला माहीतच नाही."

मग त्यालाच सांगावं लागलं. मे महिन्यात शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. घशात गाठ, कापण्यापलीकडे गेलेली. "मीच घेऊन गेलो होतो, माझ्या गाडीनं."

"गिरणीचा पट्टा आणायला गेला होतात तुम्ही."

"पट्टाही आणला," एलादियो म्हणाला.

"किती जणांना ठाऊक होतं?"

फेर्मीननं फडकं उचललं.

"पाद्र्यांना?"

"हो."

"गिरणीत?"

"सगळ्यांना, रेमे."

"म्हणजे गावात मी आणि कुत्रा, दोघंच उरलो."

नऊ महिने. मी यांच्या बायकांबरोबर चर्चमध्ये बसले, दुकानात उभी राहिले, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. त्या माझ्याकडे बघून हसायच्या तेव्हा मला वाटायचं, माझा नवीन कोट आवडला.

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

फेर्मीन गल्ल्यामागे फडकं पिळत उभा होता. "मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, रेमे रडणारी असती तर सांगितलं असतं. ती रडायची नाही, भांडेल. डॉक्टरशी भांडेल, देवाशी भांडेल, मग माझ्याशी. आणि माझ्यात आता भांडायचं बळ नाही रे."

खरं होतं. तेच झोंबलं. चाळीस वर्षं मी त्याला तोंडाच्या पट्ट्याखाली ठेवलं, आणि तोंड उघडायची खरी वेळ आली तेव्हा त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

"पण रोज सांगायचे," फेर्मीन पुढे म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, मलम लावतोय. "काल तुम्ही काय शिजवलं ते. मसुरीत तमालपत्राची पानं किती, सॉसेज कुठलं, सगळं. हे चमच्यानं खात खात सांगायचे. म्हणायचे, वासानंच अर्धं पोट भरतं."

मी चमचा उचलला. पहिला घास आमच्याच गिरणीच्या तेलाचा होता, हिरव्या ऑलिव्हच्या कडवट तेलाचा, घशाला टोचणारा. धडधाकट घशालाही टोचतो. चव चांगली होती. हे सांगायला मला जड जातंय. मी ताटली पुसून खाल्ली. मागे निम्मं टाकायचं धाडस झालं नाही. मग उठले आणि कोणाचा निरोप न घेता घरी आले.

चुलीच्या बाजूला भिंतीवर चाळणी टांगलेली आहे. माझ्या तिन्ही मुलांना दात येईपर्यंत मी त्याच चाळणीतून मसूर गाळून भरवली. चमच्याच्या पाठीनं दाबायचं, साल वर राहते, खाली लोण्यासारखं उतरतं. दोन मिनिटांचं काम.

भांडले असते, सिप्रियानो. भांडता भांडता गाळून दिली असती.