खटाऱ्याचा दोर

भिंगरीचं जहाज म्हणजे एक ध्यानच होतं. पुढून पेटी, मागून पेटी, मध्ये ठिगळं आणि एका बाजूचा दिवा कायम मिचमिचा. तिनं स्वतःच त्याचं नाव 'खटारा' ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाला ते ठेवायची संधीच कशाला द्यायची?

अंतराळाच्या त्या ऑनलाइन खेळात लाखभर माणसं आपापली जहाजं घेऊन हिंडायची, आणि खेळाचा एक नियम भारी निर्दय होता. जहाज फुटलं की फुटलं. दुसरा जीव नाही, भरपाई नाही. खटारा उभा करायला भिंगरीला आठ महिने लागले होते. रोज गृहपाठानंतरचा एक तास, त्यात खनिजाच्या खेपा, आणि खेपा करून करून एकेक पत्रा.

खटाऱ्यावर तोफ मात्र नव्हती. जहाजाच्या पाठीवर काहीतरी बसवायला एकच जागा होती, आणि तिथं शहाणी माणसं तोफ बसवतात. भिंगरीनं तिथं ओढायचा दोर बसवला. ती पडली ट्रकवाल्याची मुलगी. नवी गाडी ताब्यात आली की बाबा सगळ्यात आधी सीटखाली हात घालून दोर आहे का ते चाचपायचे, हॉर्न नंतर वाजवायचे. गाडी म्हटली की दोर हवाच, एवढंच तिला ठाऊक. तेव्हा ती ज्या टोळीत खेळायची, त्या टोळीला हसून हसून ठसका लागला. लढाईला दोर घेऊन कोण येतं, म्हणे. तिनं माईकवर समजावायला तोंड उघडलं, तर तिच्या बारीक आवाजाची नक्कल झाली. दुसऱ्या दिवशी टोळीच्या यादीतून तिचं नाव गेलं आणि सगळ्या खेळात तिचं नाव पडलं 'दोरवाली'. तेव्हापासून ती एकटी खेळायची, आणि माईक ड्रॉवरमध्ये कंपासपेटीखाली पडून होता.

रविवारी दुपारी एक वाजता खेळातल्या सूचनांच्या फळ्यावर तिला एक चिठ्ठी दिसली. टोकाच्या ठाण्यावर बेचाळीस नवे खेळाडू अडकले होते. ठाण्याकडे जाणाऱ्या एकुलत्या एक खिंडीत लुटारू बसले होते, आणि आतली हवा तीन वाजेपर्यंतच पुरणार होती. मग ठाणं बंद, आणि आत उभी असलेली बेचाळीसच्या बेचाळीस जहाजं कायमची गेली. खाली लिहिलं होतं, 'नऊ टोळ्यांना विचारलं. नऊही नाही म्हणाल्या. कुणी येतंय का?'

भिंगरीनं नखं खाल्ली, दोनदा खुर्चीतून उठली, दोनदा बसली. तिच्या डोळ्यांसमोर स्वतःचं पहिलं जहाज आलं. डबाच तो, पण पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघून तिला झोप आली नव्हती. असे बेचाळीस डबे. तिनं टाईप केलं, 'येते,' आणि खटाऱ्यात माल भरायला घेतला.

"काय भरतेयस?" मागून आवाज आला.

ती दचकलीच. खोलीत बाबा आहेत हे ती विसरली नव्हती, पण बाबा बोलतात हे हल्ली सगळेच विसरले होते. दोन महिन्यांपूर्वी मालावर ताडपत्री बांधताना ते ट्रकच्या टपावरून घसरले आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर आता गुडघ्याखाली आलं होतं, काठी भिंतीला टेकून तयार होती, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगून झालं होतं. बाबा मात्र खाटेवर पडून छताशी गप्पा मारायचे. ट्रकचा विषय निघाला की भिंतीकडे तोंड. दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला असलेली आई म्हणायची, चादरींचे डाग निघतात, या माणसाच्या तोंडातून शब्द निघत नाही.

"हवेच्या टाक्या, साठ," भिंगरी म्हणाली.

"रचल्यास कुठं?"

"मागच्या दाराशी. उतरवायला बरं."

बाबांनी जिभेनं 'च्यक्' केलं. सगळं वजन मागं टाकलं तर चढावर गाडी नाक उचलेल, म्हणाले. भिंगरीनं सांगितलं की अंतराळात चढ नसतो. बाबांनी त्यावर, चढ नसलेला रस्ता आपण जन्मात पाहिला नाही, असं ऐकवलं. वाद घालण्यापेक्षा टाक्या हलवणं सोपं होतं. तिनं कुरकुरत साठही टाक्या मधोमध रचल्या. गंमत म्हणजे वळताना खटारा खरंच कमी डुलायला लागला. तिनं ते बाबांना सांगितलं नाही. पण ते उशी पाठीशी घेऊन उठून बसले होते, त्यांना दिसत होतं.

दीडच्या सुमाराला उल्कांच्या पट्ट्यात एक चकचकीत जहाज दिसलं. मदतीचा लाल दिवा उघडझाप करत होता. भिंगरीनं ओठ चावला. अशा दिव्यामागं निम्म्या वेळा लुटारू असतो हे खेळातलं शेंबडं पोरही सांगेल.

"पुढं जा, सोंग आहे ते," बाबा म्हणाले. "खरी बंद पडलेली गाडी कशीही पडते, वेडीवाकडी. हा बघ कसा रस्त्याकडे नाक करून उभाय. पळायच्या तयारीत."

तिनं लांबून वळसा घातला. ती निसटतेय असं दिसताच लाल दिवा पटकन विझला, ते 'बंद' जहाज भुर्रकन तिच्या मागं लागलं आणि पट्ट्यातली उल्का नाकावर बसल्यावर मुकाट परत फिरलं. भिंगरीनं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांनी बिस्किटाचा पुडा मागितला.

दोनला दहा मिनिटं असताना दुसरं दिसलं. हे मात्र पोट वर केलेल्या झुरळासारखं पडलं होतं. दिवा इतका मंद की नसल्यातच जमा.

"हा खरा. थांब."

"बाबा, हवा तीनपर्यंतच आहे."

"दहा मिनिटं जातील."

"आणि खिंड अजून पुढंच आहे. माझं जहाज गेलं तर आठ महिने गेले माझे. आणि ते बेचाळीस जण?"

बाबा बिस्किटाचा तुकडा हातात फिरवत राहिले. मग छताकडे न बघता, तिच्याकडे बघून म्हणाले, "मी पडलो ना त्या दिवशी, तीन गाड्या पुढं निघून गेल्या. चौथी थांबली."

हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. भिंगरीनं वेगाची कळ मागं ओढली. ड्रॉवर उघडला, कंपासपेटी बाजूला सारली, माईक काढून फुंकर मारली आणि जोडला. फळ्यासमोर उभं केल्यासारखी ती ताठ बसली.

"हॅलो. काय झालंय गाडीला?" तिनं विचारलं.

"अगं बाई, माणूस!" पलीकडून जाड, खुशालचेंडू आवाज आला. "दोन दिवस झाले. इंजिन गेलं. तोफा पाच आहेत, पण गोळा एकही नाही. लोक फोटो काढून निघून जातात."

आवाज एका दंतवैद्याचा होता. तो आपल्या दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधल्या वेळात खेळत होता आणि तीन वाजता त्याचा एक दाढवाला यायचा होता. जहाज मात्र जबरदस्त होतं, काळंकभिन्न, पाच तोफांचं, बघूनच घाम फुटावा असं.

"तुझ्याकडे दोर नसेलच म्हणा," तो म्हणाला. "या खेळात कुणाकडेच नसतो."

भिंगरी आठ महिने या वाक्याची वाट बघत होती. "आहे," ती म्हणाली.

मग बाबांचा क्लास सुरू झाला. दोर आखूड बांध. पुढच्यानं फक्त ओढायचं. ब्रेक सांभाळायचा मागच्यानं, कारण दोर ढिला पडला की झटका, आणि झटका बसला की दोर तुटलाच म्हणून समज. दंतवैद्याकडे इंजिन नसलं तरी वेग कमी करायचे दोन छोटे झोत शाबूत होते, तेवढे पुरेसे. त्यानं विचारलं, हे मागून कोण शिकवतंय?

"माझे बाबा. ट्रक चालवतात," भिंगरी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती, पण तिला ते कळलं.

पहिल्या खेपेला झटका बसला. दुसऱ्या खेपेला जमलं. खटारा कण्हत कुथत निघाला, आणि मागून ते काळं धूड त्याला चिकटून असं येऊ लागलं की भिंगरीलाच बघून धडकी भरली. तेव्हा तिच्या डोक्यात दिवा लागला. दोर एवढा आखूड होता की लांबून दिसतच नव्हता. दिसत होती ती फक्त एक मालवाहू पेटी आणि तिच्या पाठीशी पाच तोफांचा पहारा.

"काका," ती हळूच म्हणाली, "तोफांची तोंडं फिरतात का?"

"फिरतात की. नुसतीच फिरतात."

अडीचला खिंड आली. लुटारूंची तीन जहाजं आडवी उभी होती. भिंगरीच्या हाताला इतका घाम आला की माऊस साबणासारखा निसटायला लागला.

"वेग तोच ठेव," बाबा कानाशी म्हणाले. ते खाटेच्या अगदी कडेला सरकले होते. "नाक्यावर जो घाबरतो तो ब्रेक मारतो. आणि ब्रेक मारणाऱ्यालाच बाजूला घेतात."

तिनं वेग तोच ठेवला. लुटारूंचा म्होरक्या सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. पडद्यावर तिचं नाव वाचून त्याला आधी हसूच आलं.

"अरे, ही तर दोरवाली. काय गं, आज दोर आणलास का?"

यांना दोराची आठवण आहे. आता कुणी एकानं जरा डोकं चालवलं की खेळ खलास, खटारा, टाक्या, बेचाळीस डबे, सगळंच. खोटं बोलावं तर आवाज कापेल. मग तिनं खरंच सांगून टाकलं.

"आणलाय ना. ह्याला बांधून ओढत आणलंय."

तिघंही खो खो हसले. एवढ्या मोठ्या तोफवाल्याला म्हणे बांधून आणलंय. पण हसता हसता त्यांचं लक्ष तोफांकडे गेलं, कारण पाचही तोफा सावकाश वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या होत्या.

"आणि तू कोण रे?" म्होरक्यानं विचारलं. आता आवाजातलं हसू जरा पातळ झालं होतं.

दंतवैद्य अजिबात घाईत नव्हता. रोज दहादा म्हणायचं वाक्य तो ज्या गोडीनं म्हणायचा, त्याच गोडीनं म्हणाला, "या, जवळ या. आ करा बघू. जास्त दुखणार नाही."

असल्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं हे लुटारूंच्या बापजाद्यांनी त्यांना शिकवलं नसावं. कडेचं जहाज हळूच मागं सरलं. मग दुसरं. म्होरक्या, दारात अडकलेल्या माणसासारखा, थोडा पुढं थोडा मागं झाला आणि शेवटी बाजूला झाला. खटारा त्याच चालीनं मधून गेला, मिचमिचा दिवा मिचकावत. दोर ताठ होता. भिंगरी श्वास घ्यायचा विसरली होती, तो तिनं खिंडीपलीकडे एकदम घेतला.

तीनला अकरा मिनिटं असताना टाक्या उतरल्या. ठाण्यावरचा हवेचा लाल काटा थरथरला, पिवळा झाला, आणि बघता बघता हिरव्यात गेला. बेचाळीस जण एकाच वेळी बोलायला लागले, त्यामुळे कुणाचंच काही कळलं नाही. एका मुलीचा आवाज तेवढा ओळखू आला, भिंगरीपेक्षाही बारीक. ती विचारत होती, असा दोर कुठं मिळतो? भिंगरीनं माईक जवळ ओढला आणि चांगली पाच मिनिटं सांगत बसली. कुठं मिळतो, कसा बसवायचा, आखूड का बांधायचा, ब्रेक कुणी सांभाळायचा. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण आपला आवाज ऐकतोय आणि तो बरा वाटतोय.

दंतवैद्य म्हणाला, त्याचा दाढवाला आला, पाऊण तासात परत येतो, तोवर जहाज दुरुस्तीच्या धक्क्याला लावशील का? दोर पार आखडून खटाऱ्याच्या पाठीनं ढकलत न्यायचं, मागं मागं, अरुंद बोळातून. भिंगरीनं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्हीदा काळं धूड कडेला घासलं. मागं नेणं हे तिनं कधी केलंच नव्हतं.

पाठीमागं काहीतरी टकटक वाजलं. तिनं वळून पाहिलं. बाबा उभे होते, काठी टेकून. कुणी न सांगता. प्लास्टरचा पाय जपून पुढं टाकत ते खुर्चीपाशी आले.

"सरक."

ती टुणकन बाजूला झाली. बाबांनी खुर्चीत बसून माऊस असा धरला, जसा काही तो उडून जाणार होता. त्याच वेळी दार उघडून आई आत आली, हातात पिशवी, अंगाला साबणाचा वास. तिनं आधी रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि पिशवी खाली ठेवायचं राहूनच गेलं.

"काय चाललंय?" तिनं दबक्या आवाजात भिंगरीला विचारलं.

"बाबा गाडी मागं घेतायत."

बाबांनी दोघींकडे वळूनही पाहिलं नाही. ते पडद्याच्या डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला वाकून वाकून बघत होते.

"अगं, पण आरसे कुठायत या गाडीला?"