गादीची शिवण

पाळणाघरातली पोरं झोपली तशी मावशीने पलंगावरच्या गादीचा रिकामा कोपरा उलटला आणि शिवणीवरून नख फिरवलं. शिवणीला काळे ठिपके होते, पेनाचं टोक टेकवल्यासारखे. बोट ओलं करून तिने एक पुसला, तर तो विटकरी रंगाने पसरला. पुढे पिवळट, पोकळ कातड्या सापडल्या आणि पलंगाच्या फटीत मसुराच्या दाण्याएवढा, चपटा ढेकूण.

बबडीच्या दंडावर परवा ओळीने उठलेल्या गांधी मावशीला आठवल्या. डासच चावले असणार, असं तिने बबडीच्या आईला ठामपणे सांगितलं होतं. डास काय ओळ धरून चावतो?

हा पलंग पलीकडच्या इमारतीतल्या बिऱ्हाडाने घर सोडताना देऊन टाकला होता. फुकट ते पौष्टिक, म्हणून मावशीने फटीबिटी न बघता नुसत्या ओल्या फडक्याने पुसून तो आत घेतला. आता कुणाला कळलं तर उद्यापासून दारात एक चप्पल दिसणार नाही, आणि या पोरांवरच तर तिचं घर चालत होतं. ढेकणाला पंख नसतात. तो पिशवीत, कपड्यांच्या घडीत बसून घरोघर जातो. पोरांच्या पिशव्या रोज इथून घरी जात, आणि आत्ताही त्या पलंगाला अगदी खेटून ठेवलेल्या होत्या.

तेवढ्यात बेल वाजली. गादी सरळ करून तिने दार उघडलं. बबडीची आई ऑफिसातून लवकर आली होती, पण आत न येता बाहेरच उभी राहिली. डोळे सुजलेले. माफी मागत मागत तिने हळू आवाजात सांगितलं, की घरी ढेकूण निघालेत. नणंद हॉस्टेलवरून राहायला आली होती, तिच्याच बॅगेतून आले असणार. सासूबाई नणंदेला नको नको ते बोलल्या, आणि ती सकाळीच उपाशीपोटी निघून गेली.

"मावशी, बबडीमुळे तुमच्याकडेही आले असतील. तिला काढू नका हो. आणि बाकीच्यांना सांगू नका."

मावशीला एकदम हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच भीतीही वाटली. बला आपणहून दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन पडली होती. नुसतं 'नाही सांगत' म्हणायचं, वर मोठेपणाही मिळणार. ती तसं म्हणणारही होती.

"नणंद कुठे गेली मग?" तिने विचारलं.

"माहीत नाही. फोन उचलत नाहीये."

आत पलंगावर कुणीतरी झोपेतच अंग खाजवत होतं. मावशीने मागे वळून पाहिलं आणि ती दारातून बाजूला झाली.

"आत या," ती म्हणाली. "पण पर्स खाली ठेवू नका. हा पलंग दाखवायचाय तुम्हाला."