टोकनाशिवाय सुटलेली गाडी

थॉर्नबेक स्टेशनाच्या सिग्नल केबिनमध्ये मी एकोणीस वर्षे दर रविवारी विनावेतन काम करीत आले आहे. आमच्या जतन-संस्थेने बंद पडलेला हा सहा मैलांचा फाटा पुन्हा सुरू केला, तो जुन्या नियमपुस्तकासह. मार्ग एकेरी, त्याचे लोखंडी टोकन एकच; समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ते ड्रायव्हरच्या हाती आल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

त्या दुपारी टोकन नव्हते. सकाळच्या फेरीचा ड्रायव्हर हॉरेस ते कोटाच्या खिशात घालून घरी जेवायला गेला असावा. फोन तो उचलत नव्हता. त्याच्याकडे मोटार पाठवली होती. यायला चाळीस मिनिटे तरी लागणार होती. फलाटावर तीनशे माणसे होती, पहिल्या डब्यात देणगीदार.

अध्यक्ष लायनेल जिना चढून वर आला. अंगावर १९३४ सालच्या स्टेशनमास्तरचा हुबेहूब कोट.

"एडिना, सिग्नल पाडा, गाडी सुटू दे."

"टोकन नाही."

"मार्गावर दुसरं इंजिन तरी आहे का? धडकणार कशावर?"

"पलीकडच्या टोकाला हारबेकहून रूळवाल्यांची ट्रॉली निघाली असली तर?"

"टोकन हॉरेसच्या खिशात आहे, मग त्यांना कुठून मिळणार? नियम मलाही कळतात."

"खिशात आहे म्हणे. पाहिलंय कोणी?"

तो हसला. "अहो, लोक इथे चहा-केकसाठी येतात. ही काय लंडनची मेल आहे?"

"कोटाची बटणं अस्सल हवीत म्हणून दोन वर्षं लिलाव पालथे घातलेस, लायनेल. नियम तेवढा नकली चालतो होय?"

तो खाली गेला आणि त्याने स्वतःच हिरवे निशाण दाखवले. ड्रायव्हर डेस्मंड माझा तीस वर्षांचा स्नेही. त्याने केबिनकडे एकदाही वर पाहिले नाही. आडव्या, लाल सिग्नलखालून गाडी निघून गेली. खिडक्यांतून लोक मला हात करीत होते.

मी संतापले होते. त्याच पावली निघून जावे असे वाटले. पण गाडी मार्गावर असताना केबिन सोडता येत नाही. पन्नास मिनिटे मी सिग्नलच्या खटक्यांपाशी उभी राहिले, परतलेली गाडी नीट आत घेतली.

लायनेल पुन्हा वर आला. "बघितलंत? काही झालं का?"

याच वाक्याची मला धास्ती होती. पुढच्या वेळी हेच वाक्य नियम होणार होते.

त्याची नजर नोंदवहीवर गेली. मी लिहिले होते : २.४१. सिग्नल धोक्यावर असताना, टोकनाविना, अध्यक्षांच्या हुकमाने गाडी सुटली.

"हे पान बदला. नाहीतर पुढच्या रविवारी इथे दुसरं कोणी असेल."

"असू दे," मी म्हणाले आणि रेल्वे निरीक्षकांच्या कार्यालयाचा क्रमांक फिरवला.

"अहो, ते स्टेशन बंद करतील. सगळ्यांनी मिळून उभं केलेलं."

"करतीलही."

पलीकडून आवाज आला. मी माझे नाव सांगितले, स्टेशनाचे सांगितले, मग नोंद वाचून दाखवली. अध्यक्षांचे नाव विचारले, ते सहज सांगितले. मग ड्रायव्हरचे विचारले. खाली डेस्मंड इंजिन पुसत होता. मी त्याचे पूर्ण नाव सांगितले.