घण्याच्या लाथेला पुरून उरलेली बाबागाडी

मित्रांनो, आधीच सांगते, मी दिसायला काही देखणी नाही. माझे पुढचे एक चाक जरा तिरके आहे, छपराचे कापड विटले आहे आणि अंगावर इतके पोचे आहेत की मोजायचा कंटाळा येईल. मी एक जुनी बाबागाडी आहे. बाबागाडीचे आयुष्य म्हणजे अंगाई, खुळखुळा आणि दुधाचा वास, असे तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका. मी जेवढा मार खाल्ला आहे तेवढा एखाद्या नामचीन गुंडानेही खाल्ला नसेल.

माझा जन्मच माराने झाला. कारखान्यात मी एक लांबलचक पोलादी नळी होते आणि कोपऱ्यात सुखाने पडून होते. एके दिवशी मला करवतीखाली घातले, माझे तुकडे केले, ते तापवून वाकवले आणि ठिणग्या उडवत पुन्हा जोडले. जोडणाऱ्या कामगाराचा हात दगडासारखा होता. प्रत्येक सांध्यावर तो दणादण हातोडा हाणायचा आणि म्हणायचा, "हिच्यात बसलेलं पोर म्हातारं होईल, पण ही नाही व्हायची." मी जड झाले, भक्कम झाले आणि त्याचा मला चांगलाच गर्व झाला.

पहिल्या घरात तीन भावंडे माझ्यात पाठोपाठ वाढली. त्यातला धाकटा महाद्वाड निघाला. मोठा झाल्यावर त्याने बाळाला बांधायचा माझा पट्टा कापला, त्याची गोफण केली आणि शेजाऱ्याची खिडकी फोडली. त्याला मार बसला आणि मला घराबाहेर काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! अशी मी नव्याजुन्या सामानाच्या दुकानात आले आणि एका बंद पडलेल्या पंख्याशेजारी धूळ खात उभी राहिले. दुकानाच्या पुढच्या भागात नव्या बाबागाड्या होत्या. एका बोटाने मिटणाऱ्या, मऊ गादीच्या, नाजूक चाकांच्या. येणारेजाणारे त्यांना कुरवाळायचे. माझ्याकडे कुणी बघायचेही नाही.

मग एके दिवशी तो आला. तो भंगाराच्या गोदामात वस्तू फोडायचे काम करायचा. जुनी इंजिने, शिवणयंत्रे, कपाटे, जे येईल ते घणाने फोडून त्याचे लोखंड आणि तांबे वेगळे करायचे, हा त्याचा धंदा. सगळे त्याला घण्या म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायको होती. ती कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जाऊ लागली होती. तिच्या कडेवर गुटगुटीत मुलगी होती. मागून घण्याची आई येत होती, धाप लागलेली.

"सगळ्यात महाग कुठली?" घण्याने दुकानदाराला विचारले.

"अहो, फार तर दोन वर्षं बसेल ती," बायको म्हणाली. "मग पायांनी पळेल. त्यासाठी एवढे पैसे घालवायचे? मधली एखादी बघू या."

"मधलं काही नको. माझी पोरगी सगळ्यात भारी गाडीत बसणार."

"माझी पोरं तर कडेवरच वाढली," आजी मध्येच म्हणाली.

"तुझी पोरं कशी वाढली ते मला माहीत आहे," घण्या म्हणाला. म्हातारी उगाच एका गाडीच्या छपरावरची धूळ पुसू लागली.

आता गोदामातली एक रीत सांगायला हवी. तिथे कुठलीही वस्तू आली की पहिली लाथ मारायची. आवाजावरून माल कळतो, आणि मोडली नाही तरच घणाखाली घ्यायची. घण्याला दुसरी परीक्षा ठाऊकच नव्हती. दुकानदार किंमत सांगत होता तेवढ्यात घण्याने पाय उचलला आणि सगळ्यात महागड्या गाडीच्या कमरेत सणसणीत लाथ घातली. कडकन आवाज झाला. चाकांचा आस मोडला, गाडी गुडघ्यांवर बसली आणि तिचे एक चाक घरंगळत थेट रस्त्यावर गेले.

"अहो, काय करताय काय!" दुकानदार किंचाळला.

"एका लाथेची नाही ही, आणि एवढी किंमत लावतोस?"

"मोडलीत ना? मग ती तुमची. पैसे काढा."

घण्याने त्याची कॉलर धरली. दुकानदाराने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. दोघे खेळण्यांच्या मांडणीवर कोसळले, एक आरसा फुटला आणि मुलगी टाहो फोडून रडू लागली. शेवटी बायको दोघांच्या मध्ये घुसली. तिने घण्याच्या खिशातले पाकीट काढले आणि ठेवणीतल्या पैशांतली मोठी रक्कम दुकानदाराच्या हातावर आपटली. मोडक्या गाडीची भरपाई झाली. उरल्या पैशांत आता मधलीही येत नव्हती.

घण्याचा राग मात्र तसाच होता. तो फुसफुसत दुकानाच्या मागच्या भागात आला आणि समोर जी दिसली तिला, म्हणजे मला, त्याने जीव खाऊन लाथ मारली. मी इंचभरही हलले नाही. उलट घण्याच पाय धरून मटकन खाली बसला. त्याचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. पण चेहरा बघा, एकदम खुलला!

"ही!" तो विव्हळत म्हणाला. "ही खरी गाडी!"

मला अशी दाद जन्मात कुणी दिली नव्हती. बायकोने मात्र माझ्या बैठकीत हात घालून चाचपले. "हिला पट्टा नाहीये."

"सुटा मिळेल," दुकानदार ओठाचे रक्त पुसत म्हणाला. "एका हजामतीएवढे पैसे पडतील."

"हिच्या किमतीवर याला एक दमडी द्यायची नाही," घण्या गरजला. "एवढं लोखंड आहे खाली, पट्टा कशाला हवा? ती काय उडून जाणार आहे?" उरल्या पैशांत त्याने मला विकत घेतले आणि आपल्या घरातले कुणीही या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, अशी शपथ सगळ्यांदेखत घेतली.

त्यांचे घर उताराच्या पायथ्याशी होते आणि गोदाम त्याच रस्त्याच्या माथ्यावर. घरासमोर रस्ता वळायचा. वळणावर दगडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे खोल नाला. बायको दुपारच्या सुट्टीत मुलीला माझ्यात घालून तो चढ चढायची, नवऱ्याबरोबर दोन घास खायची आणि परत उतरायची. मुलगी आता माझ्यात उभी राहायला शिकली होती. चढावर ती मागे झुकायची, उतारावर पुढे, आणि आई एका हाताने तिचा झगा धरून ठेवायची.

"पट्टा आणलात?" ती विचारायची.

"आणतो."

पण सुटा पट्टा त्या एकाच दुकानात मिळायचा, आणि शपथ आडवी यायची. त्यावरून त्या घरात रोज भांडण पेटायचे. एकदा पातेले भिंतीवर आपटले. एकदा घण्याने दारावर अशी बुक्की मारली की फळीला चीर गेली. बायको डरणारी नव्हती. ती म्हणायची, "दार फोडा, भिंत फोडा. पण पट्टा आणा."

हे सगळे आजी ऐकत होती. एके दिवशी ती घरात एकटी असताना तिने आपली ट्रंक उघडली. अगदी तळातून तिने एक कातडी पट्टा काढला. बोटभर जाड, काळा, पितळी बकलाचा. तिने तो माझ्या सांगाड्याला गुंडाळून पक्का बांधला.

संध्याकाळी घण्या आला, मुलीला उचलायला वाकला आणि बकल बघून तसाच थांबला. मित्रांनो, मी कारखान्यातली भट्टी जवळून पाहिली आहे, पण त्याच्या डोळ्यांत त्या वेळी जे पेटले त्याची मला जास्त भीती वाटली. त्याने पट्टा असा हिसडला की माझी नळी न् नळी झणझणली.

"हा अजून घरात आहे?" तो ओरडला. मग त्याने सदरा वर ओढला. त्याच्या पाठभर जुने वळ होते, आणि खांद्याखाली एक चौकोनी डाग, त्या बकलाएवढाच. "बापानं हा मुठीत गुंडाळला की मी चड्डीत मुतायचो. आणि तू काय करायचीस? मोरीत बसून भांडी घासायचीस! आवाज येऊ नये म्हणून जोरजोरात घासायचीस! आणि आता हा माझ्या पोरीच्या अंगाला लावतेस?"

म्हातारी भिंतीला टेकून उभी राहिली. घण्याने पट्टा गल्लीत भिरकावला.

"मग नवा आणा," बायको म्हणाली.

तो जेवला नाही, आणि पट्टाही आणला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर आजी गल्लीत गेली. तिने तो पट्टा उचलून आणला, धुतला, तेल लावून मऊ केला. मग जुनी चादर फाडून तिने त्याला कापडाची जाड खोळ शिवली. बकलावरही कापडी झाकण शिवले. सुनेला तिने सांगितले, "बाजारातल्या फेरीवाल्याकडून आणला." घण्याने संध्याकाळी नव्या पट्ट्याकडे ओझरते पाहिले आणि म्हणाला, "चला, मिटला विषय एकदाचा." म्हातारीने मान खाली घातली आणि ती भाजी निवडत राहिली.

काही दिवसांनी घण्याच्या गोदामाची शेजारच्या गोदामाशी जुंपली. ट्रकभर तांब्याची तार कुणाची, यावरून वाद झाला आणि हां हां म्हणता दोन्हीकडची माणसे पहारी, नळ्या, साखळ्या घेऊन रस्त्यावर उतरली. नेमकी त्याच वेळी बायको माथ्यावर पोचली. ती मागे वळेपर्यंत गर्दीने आम्हाला गिळले. कुणाचे तरी डोके माझ्या चाकाशी आपटले. कुणीतरी दात थुंकला. घण्याने आम्हाला पाहिले आणि हाका मारत, माणसे ढकलत तो आमच्याकडे निघाला. त्याच्या कपाळावर साखळी बसली, तरी तो थांबला नाही. इतक्यात दुसऱ्याच कुणावर उगारलेली लोखंडी नळी माझ्या दांड्यावर आदळली, आणि दांड्यावर बायकोची बोटे होती.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिचा हात गुळगुळीत लोखंडावरून सुटला आणि मी उताराला लागले.

मी जड आहे, हे मी अभिमानाने सांगितले होते ना? त्या दिवशी मला जडपणा म्हणजे काय ते कळले. हलकी गाडी पहिल्याच खड्ड्यात आडवी झाली असती. मी खड्डे ओलांडत, दगड उडवत सुसाट सुटले. थांबायची माझी कितीही इच्छा असली तरी थांबणे माझ्या हातात नव्हते. मागून बायकोची किंकाळी येत होती. घण्या डोळ्यांतले रक्त पुसत धावत होता. मुलगी आधी हसली, मग रडू लागली. समोर वळण आले, कठडा आला. मी त्याच्यावर आदळले, माझी मागची चाके आकाशात गेली आणि मी कोलांटी खाऊन कठड्यावर उलटी अडकले. खाली नाला.

मुलगी माझ्यात डोके खाली करून लोंबकळत होती. खोळ टरकन फाटली. चादरीच्या चिंध्या झाल्या. कातडे मात्र करकरले आणि टिकले.

घण्याने मला मागे ओढले, सरळ केले आणि पट्टा सोडवू लागला. जो हात रोज इंजिने फोडायचा, त्याला एक बकल उघडेना. मग फाटलेल्या कापडातून पितळ चमकले आणि त्याची बोटे थिजली.

आवाज ऐकून आजी घरातून धावत आली. तिने त्याला बाजूला सारले, बकल एका झटक्यात सोडले आणि रडणारी मुलगी छातीशी धरली. पोरीच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता.

"हा तू शिवलास?" घण्याने विचारले.

"हो."

"मी फेकला होता."

"मी उचलून आणला." म्हातारी मुलीची पाठ थोपटत राहिली. "तेव्हा मी आडवी आले नाही रे. माझीही पाठ सोलून निघायची, मी भ्यायले. म्हटलं, पोरीसाठी तरी काहीतरी आडवं घालावं."

घण्या माझ्या फाटक्या गादीत तोंड खुपसून तिथेच रस्त्यावर ओक्साबोक्शी रडला. वरून बायको मोडका हात पोटाशी धरून येत होती. तीही त्याच्याशेजारी खाली बसली.

बायकोच्या बोटांना प्लॅस्टर घातल्यावर घण्या शपथ गिळून त्या दुकानात गेला. त्याला पाहताच दुकानदार काउंटरखाली लपला म्हणे! घण्याने पट्टा मागितला, सांगितले तेवढे पैसे ठेवले आणि निघाला. मग त्याने मला गोदामात नेले. घण्या काहीतरी जोडतोय, हे बघायला सगळी माणसे जमली. त्याने माझे चाक ठोकून जमेल तेवढे सरळ केले आणि नवा पट्टा बसवला. जुन्या पट्ट्याचे बकल त्याने ऐरणीवर ठेवले आणि एकच घाव घातला. त्याचा पत्रा झाला. कातडे मात्र त्याने फेकले नाही. लोखंडावरून बायकोचा हात निसटला होता तिथे, माझ्या दांड्यावर, त्याने ते घट्ट गुंडाळून पक्के केले.

मित्रांनो, बाळासाठी गाडी घ्यायला जाल तेव्हा किती खर्च करायचा ते आपापल्या खिशाला विचारा. महागडीही मोडते आणि भक्कमही घात करते, दोन्ही मी पाहिले आहे. पण लाथ मारून बघू नका. आधी पट्टा बघा. तो नसेल तर तसेच परत फिरा, कुणाशी कितीही वैर असले तरी तो आणा.

मुलगी आता शाळेत जाते. मी इस्त्रीच्या कपड्यांचे गठ्ठे वाहते. सुट्टीच्या दिवशी बापलेक मला घेऊन चढ चढतात. घण्याची मूठ त्या कातड्यावर असते आणि तिच्याशेजारी मुलीची छोटी मूठ. ते कातडे मऊ आहे म्हणून तिला आवडते. ते कुठले, हे तिला कुणी सांगितलेले नाही. तुम्हाला मी विश्वासाने सांगितले. तुम्हीही तिला सांगू नका.