चौथा तुकडा

बशीत तीनच तुकडे होते.

हेल्वीने बशी दिव्याखाली धरून हलवून बघितली. मधोमध ठेवलेल्या लोहचुंबकाला तारेचे तीन बारीक तुकडे लटकले होते. चौथा नव्हता. वाफेच्या विजेरी सिगारेटच्या नळीत दोन कॉइल, म्हणजे तारेचे चार पाय. ते नळीतल्या खांबांत घालून स्क्रू आवळायचे, जास्तीचे चारही पाय कापायचे, चारही तुकडे बशीत मोजायचे आणि मगच कापूस भरायचा. हा नियम तिचा स्वतःचा होता आणि दुकानात तो मोडणाऱ्याची ती खैर ठेवत नसे. आज तिचं जुनं गिऱ्हाईक ओरेस्ट काउंटरला रेलून बर्फावरच्या मासेमारीच्या बाता मारत होता, ती हसत होती, आणि हसता हसता तिने न मोजताच कापूस भरून नळी त्याच्या हातात दिली होती.

तिने काउंटर चाचपला. स्वेटरची बाही झटकली. गुडघ्यांवर बसून फरशीवरून चुंबक फिरवला. धुळीखेरीज काही निघालं नाही.

"काय हरवलंय?" दुकानाचा मालक डॅरिल मागून म्हणाला.

"स्क्रू," ती म्हणाली.

खोटं बोलायची सवय तिला आता झाली होती. उन्हाळा सरल्यापासून तिच्या डोळ्यांपुढे धुकं साचत होतं. डॅरिलने एकदा सरळ विचारलं, तेव्हा तिने हसण्यावारी नेलं. हल्ली सगळे तयार कॉइल घेऊन जात. हाताने वळून घेणारी चार म्हातारी गिऱ्हाईकं उरली होती आणि त्यांच्यासाठी हा कोपऱ्यातला काउंटर. डोळ्यांची गोष्ट बाहेर आली असती तर काउंटर गेलाच असता. नवरा गेल्यावर तिला माणसांत ठेवलं होतं ते या काउंटरने.

तुकडा कापसाखालीच होता, दुसरीकडे कुठे असणार? तारेचा रोध मोजणाऱ्या मीटरने आकडा बरोबर दाखवला होता, पण तेव्हा तो निवांत पडून असेल. गाडीला दोन गचके बसले की सरकणार. ओरेस्टची नळी जुन्या वळणाची: पितळी पोकळी, आत बॅटरी, बुडाला बटण. शॉर्ट झालं तर वीज तोडणारं यंत्र त्यात काही नाही. तुकडा खांबाला आणि तळाला एकदम टेकलेला असताना त्याने बटण दाबलं, तर बॅटरी त्याच्या तोंडापुढे भडकणार.

तिने ओरेस्टला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने.

"फोन फ्रिजवर ठेवून गेलाय, नेहमीसारखा," मारिका म्हणाली. "बर्फावर फोन नेला तर मासे रुसतात म्हणे. का गं, काय झालं?"

"काही नाही. मी जातेच तिकडे."

एकच आशा होती. गाडीत मागे नातीची खुर्ची असे, म्हणून ओरेस्ट गाडीत ओढत नसे. पहिला झुरका गळ पाण्यात पडल्यावर, हा त्याचा नेम. म्हणजे गळ पडेपर्यंतचा वेळ तिच्या हातात होता.

तिने बशी, चुंबक, कटर, चिमटा, मीटर, कापूस कोटाच्या खिशांत कोंबले.

"आत्ता कुठे? शनिवारच्या गर्दीत?" डॅरिलने वाट अडवली.

हेल्वी थांबली. आणखी एक स्क्रू हरवता आला असता. पण ओरेस्टचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिची तिलाच लाज वाटली.

"ओरेस्टच्या नळीत तार राहिलीय. माझ्या हातून."

डॅरिलचा चेहरा उतरला. "डोळे?"

"डोळे."

तो बाजूला झाला. "हळू चालवा," एवढंच म्हणाला.

ती हळू चालवू शकली नाही. थंडर बेच्या किनाऱ्यावर गाडी टाकून ती गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर उतरली. मासेमारांच्या लाकडी खोपट्या लांबवर रांगेत उभ्या होत्या. ओरेस्टची हिरवी; पण कोणती हिरवी आणि कोणती निळी, ते डोळ्यांपुढच्या धुक्यातून तिला उमगेना. पहिलं दार ठोठावलं तर आत भलताच माणूस. त्याने बोट दाखवलं. ती जवळजवळ पळत सुटली, दोनदा घसरली, एकदा गुडघ्यावर आपटली. देवाचं नाव घ्यायचं सोडून ती मनातल्या मनात ओरेस्टला शिव्या घालत होती.

दार उघडलं तेव्हा गळ पाण्यात पडला होता. नळी ओरेस्टच्या ओठांशी होती.

"दाबू नकोस!"

"अगं बाई! मासा पळवलास!"

"मेला तुझा मासा. अंगठा काढ. दे इकडे."

तिचा आवाज ऐकून त्याने नळी पुढे केली. तिने आधी बॅटरी काढली, मग झाकण. चिमट्याने ओला कापूस ओढून टाकला आणि चुंबक आत धरला. काही नाही. दुसऱ्या बाजूने धरला. टिक् असा बारीकसा आवाज झाला.

ओरेस्टने वाकून बघितलं. केसाएवढा तुकडा. याच माणसाने चाळीस वर्षांची सिगारेट तिच्या कॉइलच्या भरवशावर सोडली होती.

"हा... आत होता?"

"होता. मी मोजले नाहीत. मला नीट दिसतही नाही आता. तुझं तोंड भाजलं असतं, ओरेस्ट."

त्याने नजर बर्फातल्या भोकाकडे वळवली. "या तोंडाचं तसंही काय सोनं होतं," तो म्हणाला. पण हसला नाही.

तिने मीटर लावला. आकडा बरोबर होता. मग बॅटरी घालून नळी त्याच्याकडे दिली.

"कापूस नाही आत्ता. नुसतं दाबून सोड. कॉइलकडे बघ आणि मला सांग."

"मी? तूच बघ की."

"मला दोन्ही लाल डागच दिसतात. सांग, दोन्ही एकदम पेटल्या?"

त्याने बटण दाबलं. खोपटीत हलकासा लाल उजेड पडला.

"एकदम."

"मधून बाहेर लाल होत गेल्या?"

"मधून बाहेर. दोन्ही सारख्या. सुंदर वळल्यास गं."

हेल्वीने मान हलवली. कापसाची वळी तिने त्याच्याच हातात दिली. त्याच्या जाड बोटांतून ती दोनदा निसटली. "कॉइलमधून ओढून बघ. किंचित अडली पाहिजे. फार सैल झाली. पुन्हा," ती सांगत राहिली आणि तो करत राहिला.

झाकण बसलं तेव्हा तिने चौथा तुकडा बशीतल्या तिन्हींशेजारी ठेवला, बशी रुमालात गुंडाळली आणि कटर, चिमटा, मीटरसकट त्याच्या गळांच्या डब्यात घातली.

"अगं, हे तुझं सामान."

"पुढच्या शनिवारी कॉइल तू वळायच्यास. मी शेजारी बसून बडबड करीन." तिने कोटाची बटणं लावली. "पण मोजताना माझ्याकडे लक्ष देऊ नकोस."

ओरेस्टने स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं आणि दुसरा गळ काढून तिच्या हातात दिला. बाहेर वारा सुटला होता. हेल्वीने रिकाम्या खिशात एकदा हात घातला, काढला, आणि दोरी सैल सोडली.