तिसऱ्यांदा न सरकवलेली मूठ

मी एक जुनी रायफल आहे, आणि मित्रांनो, हे सांगताना मला अभिमान वाटत नाही. एके काळी वाटायचा. तोच मला नडला.

माझा जन्म सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. त्या काळच्या बहुतेक रायफलींच्या पोटाखाली लोखंडी कडी असे. ती उजव्या हाताने खाली-वर केली की नवे काडतूस आत येई. माझे तसे नव्हते. माझ्या नळीखाली लाकडी मूठ होती. ती डाव्या हाताने मागे-पुढे सरकवायची, की झाले. उजवा हात जागचा हलवायलाही नको. शिवाय मला रिव्हॉल्वरचीच काडतुसे चालत. गुराख्याने कमरपट्ट्यात एकच प्रकार भरला की दोन्ही हत्यारांचे भागे. पण माझे आतले भाग नाजूक, बिघडले की दुरुस्ती करणारा मेटाकुटीला येई. कारखान्याने आमचा नाद लवकरच सोडला. पुढे कोणी कोणी माझ्या नकला काढल्या, त्या हातोहात खपल्या, पण पुढे त्याही बंद पडल्या.

मी पश्चिमेकडे मोंटानातल्या एका मेंढवाड्यावर गेले. तिथे वीस वर्षे मेंढरांची राखण केली आणि पुढची शंभरेक वर्षे धान्याच्या पोत्यांमागे धूळ खाल्ली. कोळ्यांनी माझ्या नळीत संसार थाटले. मला कोणी विचारत नव्हते, पण तेव्हा माझ्या हातून कोणाचे वाईटही झाले नाही.

तिथून मला बाहेर काढले व्हर्लिन हॉफस्टाडने. तो आयुष्यभर पवनचक्क्या दुरुस्त करत फिरला. त्यातल्याच एकीच्या दातेरी चाकात त्याचे उजवे मनगट चिरडले. कॉटनवूड बेंड या त्याच्या गावात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी म्हातारी मंडळी जुन्या काळचे कपडे घालून लोखंडी पत्र्यांवर नेम धरतात. मैदानात खऱ्या नावाने हाक मारायची नाही, असा तिथला रिवाज. व्हर्लिनचे नाव होते 'करकरी चक्की'. त्याचा चाळीस वर्षांचा मित्र डॉर्सी क्विल पूर्वी टपाल वाटायचा, म्हणून तो 'उशिराचं टपाल'. मनगट गेल्यावर व्हर्लिनला कडीची रायफल झेपेना. सहा वर्षे तो माझ्यासारखी शोधत होता. पोत्यांमागे मी सापडले तेव्हा तो तिथेच जमिनीवर बसला आणि रडला. आता मला घरी बसावं लागणार नाही, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्यानंतर माझे जे लाड झाले, ते काय सांगू! माझ्यासारखी त्या जिल्ह्यात दुसरी नव्हती. लोक मला हात लावण्याआधी पँटला हात पुसत. मी पार चढून गेले.

मैदानाचा एक नियम होता. नेमबाजी संपली की प्रत्येकाने आपले हत्यार तपासणीच्या टेबलावर ठेवायचे. तिथे लाल पट्टा बांधून डॉर्सी उभा असे. तो मूठ किंवा कडी तीनदा हलवायला लावी, आत बोट घालून पाही आणि मगच 'रिकामी' म्हणे. त्याच्या त्या एका शब्दावर सगळे मैदान विश्वास ठेवी.

त्या शनिवारी डॉर्सीने माझी मूठ एकदा सरकवली. आत काही दिसले नाही. तो दुसऱ्यांदा सरकवणार, तोच व्हर्लिनने त्याचा हात धरला.

"पुरे रे, टपाल. म्हातारी आहे ती. एखादा भाग मोडला तर कुठून आणू?"

"नियम तीनदाचा आहे, चक्की."

"तो तुमच्या कडीवाल्यांना. हिच्यासारखी दुसरी दाखव, मग सांग मला नियम."

डॉर्सी हसला आणि 'रिकामी' म्हणाला. मित्रांनो, काडतुसे भरायची माझी एक वेगळी नळी असते, तिच्यात एक काडतूस अडकून बसले होते. मला ते कळत होते. पण खरे सांगते, मला तेव्हा फक्त ती सवलत आवडली.

मग जेवणे सुरू झाली. झाडाखाली घेवड्याचे पातेले आणि मक्याचा पाव मांडला होता. वाढत होती डॉर्सीची बायको इमोजीन. कोणीतरी माझे कौतुक केले आणि व्हर्लिनला राहवेना. माझी मूठ किती लोण्यासारखी सरकते ते दाखवायला त्याने ती सरकवली. अडकलेले काडतूस सुटून पुढे आले. खटका किती हलका, तेही त्याने दाखवले. माझे तोंड जमिनीकडे होते, पण त्याच जमिनीवर इमोजीनचा पाय होता.

तिच्या पायाची करंगळी गेली.

मैदानाच्या प्रमुखांनी विचारले तेव्हा व्हर्लिन एवढेच म्हणाला, "डॉर्सीनं रिकामी म्हटलं होतं." त्यात खोटे काही नव्हते. पण आपण हात धरला, हे त्याने सांगितले नाही. सांगितले असते तर त्याला वर्षभर मैदान बंद झाले असते, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी एक वर्ष थोडे नसते. मित्राला उघडे पाडणे डॉर्सीच्या स्वभावात नव्हते, म्हणून तोही गप्प राहिला. त्याचा लाल पट्टा काढून घेतला गेला.

चार महिन्यांनी व्हर्लिन मधाची बाटली घेऊन त्यांच्या घरी गेला. मी बाहेर त्याच्या गाडीत होते. इमोजीन काठी टेकत दारापर्यंत आली. तिने त्याला मैदानातल्या नावाने हाक मारली नाही.

"व्हर्लिन, बोट गेलं ते गेलं. त्याचं मी काही म्हणत नाही. पण माझा नवरा चार महिने ताटात बघून जेवतोय, मान वर करत नाही. ते तू कधी परत देणार?"

व्हर्लिनने मधाची बाटली तशीच परत आणली. नेमबाजीच्या पुढच्या शनिवारी त्याने मला सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले आणि हात कोणी धरला ते सांगितले. सांगताना तो माझ्याकडेच बघत होता आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. डॉर्सीला पट्टा मिळाला. व्हर्लिनला आणि मला वर्षभर बंदी झाली. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मला घासूनपुसून दिले, पण काडतूस अडवणारा आतला भाग तोच राहिला. दुसरा मिळतोच कुठे?

वर्षाने आम्ही परतलो. नेमबाजी संपली आणि मी टेबलावर आले. डॉर्सीने मूठ सरकवली. काही नाही. दुसऱ्यांदा सरकवली. काही नाही. व्हर्लिनने दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

तिसऱ्यांदा सरकवली आणि एक जिवंत काडतूस टेबलावर पडले.

डॉर्सीने ते उचलून व्हर्लिनच्या तळहातावर ठेवले आणि त्याची मूठ मिटली. "रिकामी, चक्की," तो म्हणाला. टेबलापलीकडे इमोजीन काठी टेकून उभी होती. मी तिच्याकडे आजवर पाहू शकलेले नाही.

मित्रांनो, मी तुमच्या हातात यावी अशी वस्तू नाही, आणि तेच बरे. पण तुमच्या घरातही एखादी दुर्मिळ, लाडकी वस्तू असेल. तिला जपा, तेल घाला, धूळ पुसा. नियमातून मात्र तिला सोडू नका. मला सोडले होते.